येरळेवर थांबलेली हाक

माझ्या थोरल्या भावाने माझ्या मुलीला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी देवीच्या कृपेविषयी लिहिणार आहे आणि एका अनोळखी बाईंच्या उपकाराविषयी लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की एवढं सगळं चांगलं घडल्यावर या माणसाचा राग वितळला असेल. तो वितळलेला नाही. सोनं-चांदी वितळवणं हा माझा धंदा आहे. आचेला काय पाणी होतं आणि काय तळाशी तसंच राहतं, हे मला चांगलं कळतं.

आम्ही मूळचे विट्याकडचे, येरळा नदीच्या काठचे. आमचं घराणं गोंधळ्यांचं. आजोबा, वडील, सगळे संबळ गळ्यात अडकवून यजमानांच्या दारात उभे राहिलेले. वडिलांना मुलगे दोन आणि संबळ एक, म्हणून तो थोरल्याकडे गेला. मी लहान असतानाच आमच्या भागातल्या इतर पोरांसारखा गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या कामाला मद्रासला पाठवला गेलो. भाता ओढत, तेजाबाच्या वाफेत खोकत मोठा झालो आणि जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत स्वतःची भट्टी लावली. मला कुणी काही हातात दिलं नाही. जागा, परवाना, गिऱ्हाईक, प्रत्येक गोष्ट मी भांडून आणि घासाघीस करून मिळवली. बाजारात माझी ओळखच तशी आहे. शेजारचा पत्र्याच्या डब्यांचा तमिळ व्यापारी म्हणतो, "शेठ, तुम्ही देवळात गेलात तरी दानपेटीत टाकण्याआधी देवाला भाव विचाराल." तो चेष्टा करतो, पण फार चुकीचं बोलत नाही.

चेन्नईत आमच्या भागातली गलाईवाल्यांची बरीच कुटुंबं आहेत. भांड्यांच्या एका दुकानाच्या वर आमच्या मंडळाचा हॉल आहे आणि दर नवरात्रात तिथे गोंधळ होतो. तो घालायला गावाहून थोरला भाऊ, दादा, यायचा. आमच्या घराण्याच्या गोंधळात एक रीत आहे. चौक मांडला, घट बसला, दिवटी पेटली, की देवदेवतांना नावं घेऊन बोलावतात, ते सगळे ऐकतात आणि सुरात सूर मिसळतात. पण त्याच्याही आधी एक हाक असते. आम्ही तिला पहिली हाक म्हणतो. ती देणारा लोकांकडे पाठ करतो, घटावर वाकतो आणि ओठातल्या ओठात म्हणतो. त्या वेळी संबळ मुद्दाम इतका जोरात वाजवायचा की शब्द त्याच्याखाली दबून जावेत. पूर्वी गोंधळी आपापली गावं वाटून घेत. ऐकणाऱ्यांत दुसऱ्या गावचा गोंधळी असला आणि त्याने हाक उचलली, तर उद्या तो आपल्याच यजमानाच्या दारात उभा राहील, ही भीती. ती भीती गेली, गावं गेली, पण झाकण राहिलं. आता लोक मोबाइलवर सगळा गोंधळ चित्रित करतात. त्यातही पहिल्या हाकेच्या जागी नुसता संबळ कडाडत असतो. मी लहानपणी वडिलांच्या मागे झील धरायला उभा राहायचो. मला हाकेची चाल कानात होती, श्वास कुठे घ्यायचा तेही माहीत होतं. शब्द मात्र एकच पकडता आला होता. 'उतर.'

दादाला मूलबाळ नाही. माझी एकच मुलगी, सायली. शाळा इथली, नोकरी इथल्या आयटी कंपनीत, तमिळ तिला मराठीपेक्षा सोपं जातं. पण आवाज आमच्या वडिलांचा. लहान असताना नवरात्रात दादा आमच्याकडे उतरायचा, तेव्हा त्याच्या संबळापुढून ती उठायची नाही. शेवटी दादाच म्हणाला, "पोरीचा हात चांगला हाय. मी शिकवतो." मी दर सुट्टीत तिला गावी पाठवली. ती बोटं सोलवटून घेऊन यायची आणि हसत दाखवायची. तिला सगळं आलं. गण आला, देवांची नावं आली, आख्यानं आली. पहिल्या हाकेचा संबळसुद्धा आला, कारण हाक देताना दादाला वाजवायला जोडीदार हवा होता. फक्त हाकेचे शब्द राहिले. दादा तिला म्हणायचा, "ते शेवटी देत्यात. यंदा न्हाई, पुढल्या खेपंला."

यंदा नवरात्राच्या तोंडावर दादाचा निरोप आला की तो येणार नाही. पुण्याला कुठल्या तरी बड्या लोकांच्या समारंभात मंचावर गोंधळ दाखवायचा होता. मंडळाच्या बैठकीत चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणालं, यंदा मोबाइलवर लावून टाकू. मला चढलेला राग खाली येत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गोंधळ सायली घालेल."

"पोरगी गोंधळ घालणार?" मंडळाचे एक ज्येष्ठ हसले. "मग आम्ही काय पायात घुंगरं बांधायची?"

"बांधा की. कुणी अडवलंय?"

"आणि पहिली हाक? ती येते का तिला?"

"येते," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. घरी आलो, सायलीला सांगितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "अप्पा, ती मला नाही येत. काका म्हणाले होते, शेवटी देतो." मी तिथल्या तिथे फोन लावला.

"दादा, पहिली हाक पोरीला दिली न्हाईस?"

"न्हाई."

"का?"

"ती पोरींना देत न्हाईत. उद्या परक्या घरला जाईल. तिथनं ती हाक कुनाकडं जाईल, कुनाला ठावं?"

"मग शेवटी देतो म्हनून इतकी वर्षं तिच्या हाताची सालटी काढलीस ती कशाला?"

"तिला हौस हुती. मी हौस भागवली."

हौस! मी पुढे काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला. सायली खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही. तिने संबळाची खोळ बांधली, गाठ मारली आणि तो कपाटाच्या वर ठेवला. मंडळासमोर माझी नाचक्की झाली असती तर मी ती पचवली असती. बाजारात अशा नाचक्क्या रोज होतात आणि रोज विसरल्या जातात. पण वडिलांचा आवाज ज्या एका गळ्यात उरला होता, तो गळा त्या दिवशी बंद व्हायला निघाला होता. हाकेशिवाय उरलेला गोंधळ घातला असता तर कुणाला कळलंही नसतं. तिला कळलं असतं. बोलावणंच न करता पंगत मांडण्यासारखं ते झालं असतं, आणि तसं करणारी ती नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. भिंतीवर भवानीची तसबीर आहे, तिच्यासमोर भट्टी पेटवण्याआधी दिवा लावायचा हा माझा नेम. त्या दिवशी मी दिवा लावला नाही. काडी हातात घेतली आणि तिच्याकडे बघून म्हणालो, "तुझंच काम आहे, माझं नाही. पोरगी तुला हाक मारायला उभी आहे आणि तुझ्याच माणसाने तिचं तोंड दाबलंय. माझ्या पोरीचं काम होईपर्यंत या दुकानात तुझा दिवा लागणार नाही." गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच बोललो. मला भक्तीची दुसरी भाषा येत नाही. आणि खरं सांगायचं तर बोलताना ती ऐकते आहे असं मुळीच वाटलं नव्हतं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं.

दुपारी रिक्षातून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. सुती साडी, जाड काचांचा चष्मा, काखेत छत्री, हातात स्टीलचा डबा. रिक्षावाल्याशी त्यांची चढ्या आवाजात हुज्जत चालली होती आणि ती त्यांनी जिंकली, तेव्हाच मला त्या आवडल्या. दुकानाच्या पायरीवर थांबून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, चांदी समोर वितळवून देता का. मी तमिळमध्येच म्हटलं, अम्मा, देतो. त्यांनी डब्यातून हळदीने पिवळ्या पडलेल्या फडक्यातली वस्तू काढली. टाक होता. देव्हाऱ्यातला चांदीचा टाक. पण इतका झिजलेला की त्याच्यावर काही उरलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने आणि राखेने घासून घासून देवीचा चेहरा, हात, आयुधं सगळं पुसून गेलं होतं. कड तडकली होती. मी बघता बघता मराठीत पुटपुटलो, "टाक आहे की हा."

बाईंनी मान वर केली. "काय पा, तू मराठी की?"

त्या तंजावरच्या मराठी. राहायला मैलापुरात. नाव लीलाबाई. त्यांची मराठी ऐकली की वाटावं, आपल्या पणज्यांपैकी कुणीतरी तमिळ हेल काढून बोलत आहे. जन्म टपाल खात्याच्या नोकरीत गेलेला, आता निवृत्त. मुलगा परदेशात. नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्या सकाळी काढताना टाक हातातून निसटला आणि तडकला, म्हणून नवा करायला आणला. मैलापुरात सोनारांची कमी नाही. इतक्या लांब का आलात, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तिथला म्हणाला, जुनं दे, नवं ने. मला तीच चांदी हवी. आणि हे बघ, वितळवणारे लोक फसवतात असं ऐकलंय मी. माझ्या डोळ्यांसमोर वितळव."

"मावशी, फसवायचं असतं तर समोर बसवूनही फसवता येतं," मी भडकलोच. "या गल्लीत कुणालाही विचारा."

"विचारलं. म्हणाले, रागीट आहे, पण खोटा नाही. म्हणून तर आले. सरी, बरं, आता सांग, किती वेळ लागेल?"

मी विचारलं, वितळवून पत्रा करून देईन, पलीकडच्या गल्लीत आमच्याकडचाच कारागीर टाक घडवेल, पण त्यावर देवी कुठली घडवायची? बाईंनी टाक उलटून बघितला. "तेच ठाऊक नाही," म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंसही ठाऊक नव्हतं. अस्के, सगळेच, नुसतं अम्मन म्हणत आले, आम्हीही म्हणालो. चेहरा असता तर तुला दाखवला असता." मी म्हटलं, मग साधा मुखवटा करू. मुशीकडे वळलो, तर त्यांनी छत्री आडवी धरली. "थांब. तशी नाही घालायची आत. आधी तिला बाहेर बोलवायला हवं."

ही रीत मला माहीत होती. देवाची मूर्ती मोडायची तर आधी देवाला पाण्याच्या कलशात यायची विनंती करतात. त्यांनी डब्यातून छोटा तांब्या काढला, सुपारी काढली, माझ्या लाकडी पाटावर मांडली. मी म्हटलं, "मावशी, लवकर आटपा, भट्टी तापली आहे." त्यांनी माझ्याकडे लक्षही दिलं नाही. डोळे मिटले आणि गायला लागल्या.

आवाज थकलेला, पण सूर जागच्या जागी. पहिल्या ओळीला मी हातातला चिमटा खाली ठेवला. दुसऱ्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. ती चाल मी ओळखत होतो. श्वास घ्यायची जागा तीच, सूर खाली पडायचा तोही तिथेच. आणि ज्या शब्दांवर आमच्याकडे संबळ कोसळायचा, ते शब्द उघडे, स्वच्छ, त्या दुपारच्या उन्हात माझ्या दुकानात ऐकू येत होते.

*बालाघाट उतर माये, भीमा उतर. कृष्णा उतर माये, तुंगभद्रा उतर...*

बाहेर हातगाड्या ओरडत होत्या. मी ओट्यावर बसून राहिलो. हाक पुढे पालार नदीला आली, मग कोल्लिडम, मग कावेरी, आणि तंजावरच्या एका दारात, तुळशीपाशी थांबली. बाईंनी डोळे उघडले. "झालं. आता घाल."

"मावशी, हे काय गायलात?"

"नद्या. पुण्य लागावं म्हणून नद्यांची नावं घेतात की नाही, तसं. बालाघाट म्हणजे कुठला घाट ते नाही माहीत."

"घाट नाही, डोंगर आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्या डोंगरावर तुळजापूर आहे. तुमची देवी तुळजापूरची भवानी आहे. आणि या नुसत्या नद्या नव्हेत. ही वाट आहे. तिने डोंगरावरून निघून तुमच्या दारापर्यंत कसं यायचं, ते सांगितलंय."

लीलाबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला, परत घातला, आणि त्या झिजक्या टाकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अय्यो. म्हणजे पत्ता होता हा. जन्म टपालात गेला माझा, आणि घरातला पत्ता वाचता आला नाही."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे देवीचा चेहरा उरला नव्हता, पण हाक होती. आमच्याकडे तिची तसबीर भिंतभर होती आणि हाक नव्हती. कुणी कुणाला पाठवलं होतं, हे मी ठरवत बसलो नाही. चांदी वितळवली, त्यांच्या डोळ्यांसमोर, तिच्यात काही मिसळलं नाही आणि तिच्यातलं काही उरवलं नाही. मग सवयीने सौदा मांडला. म्हणालो, टाक मी घडवून आणतो, मजुरी नको, फक्त ही हाक माझ्या मुलीला द्या.

"मजुरी तर मी देणारच," बाई म्हणाल्या. "हे काय, भाजी आहे? आणि मुलीस दे म्हणतोस, तुला नको?"

"मी भट्टीचा माणूस. आवाज तिच्याकडे आहे."

"बरं आहे. आमच्यांत हे बायकांचंच. सासू सुनेस देते. पुरुषांस कुठे वेळ? माझी सून परदेशात, तिला मराठी येत नाही. मी म्हणत होते, ही आता माझ्याबरोबरच जाणार." आणि मग, माझ्याहून पक्क्या व्यापाऱ्यासारख्या: "पण तिने माझ्या घरी यायला हवं. आणि नवरात्रात माझ्या कोलूपुढे गायला हवं. इल्लेन्ना, नाही तर, सौदा नाही."

त्या दिवशी दुकान बंद करताना मी दिवा लावला. सकाळी लावायचा दिवा संध्याकाळी लावला. तसबिरीकडे बघायची थोडी लाज वाटत होती, पण तिनेही माझ्याशी सौदाच केला होता, तेव्हा हिशेब बरोबरीत होता असं मी धरून चाललो.

सायली ऑफिस सुटल्यावर मैलापूरला जाऊ लागली. पहिल्या दिवशी मीही गेलो. तिने संबळाची गाठ सोडली आणि पहिल्या हाकेचा ठेका धरला, दादाने शब्द झाकण्यासाठी शिकवलेला. लीलाबाईंनी गायला सुरुवात केली. मी श्वास रोखून ऐकत होतो. शब्द ठेक्यात असे जाऊन बसले की जसं डब्यावर त्याचंच झाकण बसावं. सायलीने वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. लीलाबाईंना पाटी, म्हणजे आजी, म्हणणारा खालचा वॉचमन धापा टाकत वर आला होता. "पाटी बऱ्या आहेत ना? खालचे लोक म्हणतात, असा ढोल प्रेत नेताना वाजतो, कुणी गेलं काय." लीलाबाई आतूनच तमिळमध्ये ओरडल्या, "गेलं नाही रे, येतंय!"

अडचण पुढे आली. ती हाक देवीला तंजावरला नेत होती. सायली म्हणाली, "पाटी, आपण तर जॉर्ज टाउनमध्ये गोंधळ घालणार. मग तिला कावेरीवर कशाला न्यायचं?" मला वाटलं, बाई आता म्हणतील, जुनं आहे, हात लावू नको. त्या म्हणाल्या, "आमच्याही कुणीतरी तुंगभद्रेच्या पुढचं जोडलंच असेल की. ज्याच्या दारात यायचं, त्याने पुढची वाट सांगायची." मग दोघी जणी मोबाइलवर नकाशा उघडून बसल्या. पालारपर्यंत जुनी वाट ठेवायची, मग नदीच्या काठाकाठाने समुद्राकडे वळायचं, कांचीवरून पुढे यायचं. मग कूवम आली आणि सायली थबकली. शहरातून वाहणारी ती काळी, वास मारणारी नदी. "हिचं नाव कसं घालायचं देवीच्या हाकेत?"

"का? ती वाटेत नाही?"

"आहे."

"मग? देवी नाक धरून येईल. पण वाट चुकणार नाही."

गोंधळाच्या दिवशी दिवेलागणीला हॉल भरला. घुंगरं बांधायची भाषा करणारे ज्येष्ठ पुढेच बसले होते. लीलाबाई छत्रीसकट पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांच्या मांडीवर डब्यात नवा टाक होता, अष्टभुजा भवानीचा. चौक मांडला गेला. सायलीच्या आईने दिवटी पेटवली. पहिल्या हाकेची वेळ आली आणि रिवाजाप्रमाणे सायलीने लोकांकडे पाठ केली. घटावर वाकली. मग क्षणभर थांबली आणि परत वळली, सगळ्यांकडे तोंड करून. हे आमचं ठरलेलं नव्हतं. तिने संबळ हळू केला, इतका हळू की नुसती नाडी चालावी. आणि मोकळ्या गळ्याने हाक दिली.

आमच्या घराण्याची पहिली हाक शब्दांसकट चारचौघांत ऐकू आली ती तेव्हा. बालाघाट उतरला, भीमा उतरली, कृष्णा, तुंगभद्रा. म्हातारी माणसं हळूहळू सावरून बसली. पालारपाशी वाट वळली तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. ही नावं त्यांची होती, त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याची. कूवम उतर माये, म्हटल्यावर मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "बंदराच्या अलीकडे, भट्ट्यांच्या गल्लीत, आम्ही उभे आहोत," असं तिने म्हटलं आणि शेवटचा सूर सोडला, तेव्हा बंदरातून जहाजाचा भोंगा वाजला. लांब, खोल, एकच. बंदर जवळच आहे. भोंगे रोज वाजतात. मी एवढंच सांगतो की तो तेव्हा वाजला, आणि पुढच्या रांगेतले ते ज्येष्ठ दोन्ही हात जोडून उभे राहिले.

चार दिवसांनी सायलीच्या मोबाइलवर दादाचा फोन आला. कुणीतरी चित्रण गावी पाठवलं होतं. मी शेजारी होतो, तिने आवाज मोठा केला. त्याने घसा खाकरला. मग म्हणाला, "पोरी, तू किस्ना कशी उतरलीस?"

"म्हणजे काय काका?"

"आपली हाक भीमा उतरती, माण उतरती आन् येरळंवर थांबती. आपल्या गावात. बाबांनी मला तेवढीच दिली."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्याही ध्यानात आलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "मग दर नवरात्रात चेन्नईला येऊन तुम्ही कुठली हाक द्यायचात?"

"तीच," दादा म्हणाला. मग म्हणाला, "पुढली वाट मला सांगशील काय?"

मी फोन हिसकावून घेणार होतो. तिने हात वर करून मला थांबवलं. "देईन काका. सगळी देईन. पण फोनवर नाही. ती शेवटी देतात. तुम्ही इथे या." तेव्हा मला कळलं, आवाज वडिलांचा असला तरी पोरगी माझीच आहे.

मी यावर पुष्कळ विचार केला. इतकी वर्षं आम्ही हॉलमध्ये हात जोडून उभे राहायचो आणि संबळाच्या खाली दादा देवीला येरळेच्या काठी बोलवायचा. तिला आमचा पत्ता कुणी दिलाच नव्हता. मग एकदा तापल्या मुशीतून चांदी माझ्या पायावर सांडली तेव्हा पाय कुणी वाचवला? परक्या गावात, परक्या भाषेत माझी भट्टी कुणी पेटती ठेवली? ती न बोलावताच आली होती. वाट विचारत, तुंगभद्रा, पालार, ती घाण कूवमसुद्धा उतरून आली होती आणि माझ्या भिंतीवर बसून माझ्या शिव्या ऐकत होती. आणि मी दिवा बंद करण्याची धमकी दिली, तेव्हा तिने वाद घातला नाही. एका बाईंच्या हातून टाक तडकवला आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट ओढून घेतली. ही एकच गोष्ट अशी की ती माझ्या ओढण्याने आली नाही. हल्ली सकाळी दिवा लावताना मी अट घालत नाही. नुसता लावतो. बाकी तिच्यावर सोडतो. मला हे जमायला वय जावं लागलं.

दादाला क्षमा करायची की नाही, तेही मी तिच्यावर सोडलं आहे. पण त्याच्याकडून उत्तर घेणं मी सोडलेलं नाही. दादा, हे कुणीतरी तुला वाचून दाखवेलच. पुढल्या नवरात्रात ये. संबळ आणू नकोस, ऐकायला ये. पोरगी हाक देईल, ती सगळी ऐक, पुढची वाट घेऊन जा, तुझ्याशी आता कुणी घासाघीस करणार नाही. पण त्याआधी घटासमोर बस, लोकांकडे पाठ करू नकोस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. इतकी वर्षं आमच्या दारात उभा राहून तू आमच्या भवानीआईला कुणाच्या दारात बोलावत होतास?